लाव्हाच्या भूमीवरील पर्यावरण अभियांत्रिकी

हवा, पाणी आणि माती यांत मिसळणाऱ्या प्रदूषकांचे मोजमाप करणे आणि त्यांवर उपाय उभारणे हे पर्यावरण अभियांत्रिकीचे मुख्य काम असल्यामुळे या विद्याशाखेचे शिक्षण वर्गाच्या चार भिंतींत पुरे होत नाही. ही तिन्ही माध्यमे थोड्या अंतरात झपाट्याने बदलताना पाहायची असतील, तर पॅसिफिक महासागरातील हवाई बेटासारखे दुसरे ठिकाण विरळाच. हवाई राज्यातील या सर्वांत मोठ्या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे 10,400 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास सातारा जिल्ह्याएवढे आहे; तरीही त्यावर 4,169 मीटर उंचीचा मौना लोआ आणि त्याच्या कुशीतला किलाउआ हे दोन जागृत ज्वालामुखी आहेत. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे डोंगरांना अडत असल्याने पूर्वेकडील हिलो शहरात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर वायव्य किनाऱ्याचे काही भाग जवळजवळ कोरडे राहतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटी या संस्थेचा स्थापत्य व पर्यावरण अभियांत्रिकी विभाग आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना जानेवारीच्या सत्रात ‘ट्रेक्स’ या उपक्रमाखाली क्षेत्रकार्यासाठी या बेटावर नेत आला आहे.

या क्षेत्रकार्यात हवेच्या मोजमापाला विशेष स्थान मिळाले, आणि ते योग्यच होते. ज्वालामुखीतून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड हा वायू सूर्यप्रकाश, प्राणवायू आणि बाष्प यांच्या संपर्कात आला की हळूहळू सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांत रूपांतरित होतो. वायू आणि कण यांच्या या धूसर मिश्रणाला तेथे ‘व्हॉग’ म्हणतात. वायूमुळे दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आवळल्या जातात, तर अडीच मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसात खोलवर पोहोचतात. प्रदूषण वाऱ्यागणिक जागा बदलत असल्यामुळे मोजक्या सरकारी केंद्रांवरून प्रत्येक वस्तीची स्थिती कळत नाही. प्रमाणित यंत्रे मात्र इतकी महाग असतात की ती गावोगाव बसवणे परवडत नाही.

यावरचा मार्ग म्हणजे कमी खर्चाचे विद्युत-रासायनिक संवेदक. वायूचे रेणू अशा संवेदकातील विद्युतअग्रावर पोहोचले की रासायनिक अभिक्रिया होऊन क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून वायूचे प्रमाण काढता येते. परंतु हा प्रवाह तापमानानेही बदलतो. कण मोजणाऱ्या प्रकाशीय संवेदकांच्या बाबतीत दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वाढलेला दिसतो. म्हणून असे संवेदक आधी प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून दोन्हींच्या नोंदींची तुलना करावी लागते, आणि त्या तुलनेवरून संवेदकाच्या आकड्यांना दुरुस्ती लावावी लागते. या प्रक्रियेला अंशांकन म्हणतात. 2017 च्या जानेवारीत हवाई बेटावर नेमके हेच काम झाले. बाहेरून पाहणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटेल. पण यंत्राने दाखवलेल्या आकड्यावर विश्वास केव्हा ठेवावा आणि केव्हा ठेवू नये, हे विद्यार्थ्याला याच कामातून कळते, आणि अभियंत्याच्या शिक्षणातील हा सर्वांत मोलाचा भाग मानला पाहिजे.

या अंशांकनाची परीक्षा लवकरच झाली. मे 2018 मध्ये किलाउआच्या पूर्वेकडील उतारावर जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला, 700 हून अधिक घरे नष्ट झाली आणि वायूचे उत्सर्जन प्रचंड वाढले. त्या काळात एमआयटीच्या संशोधकांनी स्थानिक सहकाऱ्यांच्या मदतीने शाळांसह बेटावरील विविध ठिकाणी सुमारे 30 संवेदकांचे जाळे उभारले. उद्रेकस्थळाजवळ वायूचे प्रमाण अधिक आणि वाऱ्याच्या दिशेने दूर गेल्यावर कणांचे प्रमाण अधिक, म्हणजे वाटेतच घडणारे रूपांतर, या जाळ्याच्या नोंदींतून स्पष्ट दिसले. 2021 मध्ये हे निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

हवाईतील पाण्याचा प्रश्न कमी दिसतो, पण तो अधिक काळ टिकणारा आहे. ताज्या बेसाल्ट खडकात भेगा, पोकळ्या आणि लाव्हाच्या नळ्या विपुल असल्याने पावसाचे पाणी वेगाने खाली झिरपते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचे भिंगाच्या आकाराचे थर तरंगत राहतात. समुद्रसपाटीच्या वर हे पाणी एक मीटर असेल, तर खाली ते सुमारे 40 मीटर खोलीपर्यंत असते. साहजिकच अतिउपशाने वरची पातळी थोडी खालावली तरी खालून खारे पाणी बरेच वर चढते. याच सच्छिद्र खडकात घरोघरचे मैलाखड्डे सांडपाणी सोडतात. राज्यात असे 80,000 हून अधिक खड्डे आहेत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक याच बेटावर आहेत, आणि 2017 च्या कायद्याने ते 2050 पर्यंत बदलणे बंधनकारक केले आहे. सांडपाण्यातील नायट्रेट कोणत्या वाटेने विहिरीपर्यंत किंवा प्रवाळांपर्यंत जाते, हे शोधणे हा पर्यावरण अभियांत्रिकीचाच विषय आहे.

महाराष्ट्राचे पठारही बेसाल्टचेच आहे. फरक एवढा, की ते सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे असून येथे पाणी मुख्यतः झिजलेल्या वरच्या थरात आणि सांध्याभेगांत साठते. शोषखड्ड्यांशेजारच्या विहिरी या पठारावरही आहेत. त्यामुळे राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी क्षेत्रकार्याला शैक्षणिक सहलीचे रूप न देता एखाद्या गावातील विहिरींची पातळी आणि नायट्रेट पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवावे, त्याला स्वतंत्र श्रेयांक द्यावेत आणि मिळालेले आकडे ग्रामपंचायतीच्या हाती द्यावेत.