दोन ग्राफिक्स कार्डे : वेगाचा आणि गोदामाचा हिशेब

व्यापारी कुटुंबांत संगणक प्रथम आला तो खतावणी आणि कराच्या विवरणपत्रांसाठी. त्या कामाला ग्राफिक्स कार्डाची गरज नव्हती, म्हणून हे नाव वडीलधाऱ्यांच्या कानी पडले ते मुलांच्या खेळांच्या निमित्ताने. ‘पंचवीस-तीस हजारांचे खेळणे कशाला?’ हा प्रश्न त्यामुळे घरोघरी उठतो. प्रश्न रास्त आहे. मात्र तो खेळणे आणि हत्यार यांतला भेद पाहून विचारला पाहिजे.

मुळशी तालुक्यातील रिहे गावाचे उदाहरण घेऊ. हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी याच तालुक्यातली. रिह्याच्या घरी बसून पुण्यातील सराफी पेढीसाठी दागिन्यांची त्रिमित चित्रे किंवा एखाद्या कारखान्यासाठी वेष्टनांचे आराखडे करून देणारा तरुण डोळ्यांसमोर आणावा. भांडवल वडिलांचे, कष्ट त्याचे. त्याच्यापुढे दोन कार्डे आहेत : एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६० आणि त्यानंतरचे आरटीएक्स ४०६०. कोणते घ्यावे?

आधी तपशील पाहू. आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलर या घोषित किमतीस बाजारात आले. आरटीएक्स ४०६० जून २०२३ मध्ये, २९९ डॉलरला. जुन्या कार्डात ३५८४ कोअर, म्हणजे आकडेमोड करणारी लहान केंद्रे आहेत, नव्यात ३०७२. जुन्याची मेमरी १२ जीबी, नव्याची ८ जीबी. मेमरीतून माहिती वाहून नेण्याचा वेग जुन्यात सेकंदाला ३६० जीबी, नव्यात २७२ जीबी. एवढेच वाचले तर नवा माल जुन्यापेक्षा हलका वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक खेळांत नवे कार्ड साधारण पंधरा ते वीस टक्के अधिक वेगवान ठरते.

हे कसे घडते, ते दुकानाच्या व्यवहारावरून समजते. कोअर म्हणजे दुकानातील नोकर, मेमरी म्हणजे गोदाम आणि वहनवेग म्हणजे गोदाम ते दुकान हा रस्ता. नव्या कार्डात नोकर कमी असले तरी त्यांचा हात अधिक चपळ आहे : जुन्याचा कमाल घोषित वेग १.७८ गिगाहर्ट्झ, तर नव्याचा २.४६. शिवाय नेहमी लागणारा माल हाताशी ठेवण्याची जी फळी असते, म्हणजे कॅश, ती जुन्यात ३ एमबी होती. नव्यात ती २४ एमबी आहे. फळीवरच माल मिळाला की गोदामाकडे खेपा कमी होतात, आणि रस्ता अरुंद असला तरी काम अडत नाही.

वीजखर्चात तर नवे कार्ड स्पष्ट सरस आहे. जुन्याची कमाल घोषित वीज १७० वॅट, नव्याची ११५. फरक ५५ वॅटचा. दिवसाला आठ तास पूर्ण भाराने आणि वर्षातले ३०० दिवस काम चालले, तर १३२ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरल्यास वर्षाला १३२० रुपये. मुळशीच्या पावसाळ्यात वीज गेल्यावर बॅटरीवर काम उरकायचे असेल, तर हा फरक आणखी मोलाचा.

मग निर्णय झाला म्हणायचे काय? नाही. चपळ नोकर आणि मोठी फळी असूनही माल गोदामात मावलाच नाही, तर व्यवहार खोळंबतो. शेकडो खड्यांचा जडावाचा हार, प्रत्येक खड्याची चकाकी आणि मोठ्या आकाराचे चित्र असे दृश्य ८ जीबीच्या बाहेर गेले, की जादा माहिती संगणकाच्या मूळ मेमरीत ठेवावी लागते. तेथून ती आणण्याचा मार्ग नव्या कार्डात आठ पदरी आहे, जुन्यात सोळा पदरी. संगणक जुना असेल तर हा फरक अधिकच बोचतो. चित्र मंदावते, प्रसंगी अर्धवट थांबते. अशा वेळी मंद नोकरांचे पण मोठ्या गोदामाचे आरटीएक्स ३०६० काम तडीस नेते.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, ३०६० या नावाचेच ८ जीबीचे कार्डही बाजारात आहे. त्याचा वहनवेग सेकंदाला केवळ २४० जीबी आहे. नाव तेच, वजन वेगळे. म्हणून बिलावर मेमरीचा आकडा लिहून घ्यावा. दुसरी, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या खननासाठी रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. स्वस्ताईला भुलण्यापूर्वी मूळ बिल आणि शिल्लक हमी तपासावी.

ग्राफिक्स प्रोसेसर हा आता खेळापुरता उरलेला नाही, याची साक्ष पुण्यातच आहे. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक घडवणाऱ्या सी-डॅक संस्थेचा परम सिद्धी-एआय हा एनव्हिडियाच्याच ए१०० प्रोसेसरांवर उभा असून, नोव्हेंबर २०२० च्या जागतिक क्रमवारीत तो ६३वा होता. जे तत्त्व तेथे, तेच लहान प्रमाणात रिह्याच्या टेबलावर.

तात्पर्य असे : साधे आराखडे, चित्रफितींचे संपादन आणि मध्यम आकाराची चित्रे यांसाठी आरटीएक्स ४०६० घ्यावे, ते वेगवान आहे आणि वीज वाचवते. दृश्ये वारंवार ८ जीबी ओलांडत असतील, तर १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० जुने असूनही योग्य. हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. आपली सर्वांत जड फाइल दुकानात न्यावी, ती उघडून काम सुरू करावे आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स मेमरीचा आकडा पाहावा. वडिलांनीही त्या वेळी सोबत असावे. तो आकडा पाहिल्यावर मुलाची मागणी हौसेची की गरजेची, हे दोघांनाही एकाच वेळी कळेल आणि घरातील वाद तेथेच मिटेल.