कनवटीचा पट्टा

आपल्या आज्या पैसे कनवटीला खोचायच्या. पिशवी हरवते, कनवट हरवत नाही. आपण मात्र शेतात पिशवी बांधावरच्या झाडाला अडकवतो आणि उसात शिरतो. साप चावला किंवा कुणी आडवं आलं, तर मोबाइल तिकडे आणि आपण इकडे! म्हणून आमच्या गटानं जुन्या जीनपँटच्या कापडाचे दोन कप्प्यांचे कंबरपट्टे शिवले.

एका कप्प्यात मोबाइल. दुसऱ्यात बॅटरी आणि जखमेवर दाबून धरायला स्वच्छ फडकं. शिट्टी दोरीनं पट्ट्यालाच बांधायची; घाबरल्यावर आवाज फुटत नाही, शिट्टी वाजते. मिरचीपूड पुष्कळजणी सुचवतात. मला पटत नाही, वारा फिरला की आपल्याच डोळ्यांत. विळाही पट्ट्यात खोचू नका, पळताना आपल्यालाच लागेल.

पोलिसांच्या मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. साप चावला तर या पट्ट्यानं पाय आवळू नका, पाय न हलवता दवाखाना गाठा.

आणि डोळे मिटून शिट्टी काढायचा सराव करा. आमच्यातली एक पहिल्या दिवशी बॅटरीच फुंकत होती.