ईस्टर, चैत्री पौर्णिमा आणि डहाणू-तलासरीचा बाजार

21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. या नियमामुळे हा सण 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान मागेपुढे होतो. बहुतेक वर्षी ही पौर्णिमा चैत्राचीच असते, आणि डहाणू तालुक्यातल्या विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा त्याच पौर्णिमेला सुरू होते. 2023 मध्ये चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, 6 एप्रिलला होती, तर ईस्टर 9 एप्रिलला. पंचांगाचे महिने उशिरा आलेल्या वर्षी मात्र ईस्टर होळीच्या पौर्णिमेमागून येतो. 2024 मध्ये तो 31 मार्चलाच झाला. म्हणजे डहाणू-तलासरीत ईस्टर एकटा येत नाही. होळी, यात्रा आणि लग्नसराईच्या दिवसांतच तो येतो आणि घरातला तोच पैसा या सगळ्यांना पुरवावा लागतो.

वसईच्या ख्रिस्ती समाजाची परंपरा सोळाव्या शतकातील पोर्तुगीज काळापर्यंत जाते. 1739 पर्यंत डहाणू-तारापूरचा किनाराही पोर्तुगिजांकडे होता. तलासरीकडची ख्रिस्ती कुटुंबे मात्र मुख्यतः आदिवासी आहेत. तिथे जेझुइट धर्मगुरूंचे ज्ञानमाता सदन आहे. 1998 मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात हा सारा भाग येतो आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते.

सणाचा हिशेब खर्चापासून नव्हे, बचतीपासून सुरू होतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागतो. शुक्रवारी मटण-कोंबडी वर्ज्य, मासळी मात्र चालते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या कोळणींच्या पाटीला गिऱ्हाईक असते. उपवासात वाचलेले पैसे दान करावेत अशी शिकवण आहे, आणि कॅरितास इंडिया ही संस्था दरवर्षी याच काळात गरिबांसाठी निधी गोळा करते.

पवित्र आठवड्यातले विधी जवळजवळ बिनखर्चाचे आहेत. झावळ्यांच्या रविवारी लागणारी झावळी या पट्ट्यात नारळाची किंवा शिंदीची, परसातच मिळते. तिची कोवळी पात उभी चिरून, एकात एक दुमडून छोटा क्रूस वळतात आणि तो वर्षभर घरात ठेवतात. पुढच्या राखेच्या बुधवारची राख अशाच जुन्या झावळ्या जाळून केली जाते. गुरुवारी पाय धुण्याचा विधी, शुक्रवारी क्रूसाची वाट, शनिवारी रात्री नव्या अग्नीवर पेटवलेली पास्काची मेणबत्ती. त्या रात्री प्रत्येकाच्या हातात एक साधी मेणबत्ती असते.

खरा खर्च होतो रविवारच्या जेवणाचा आणि कपड्यांचा. वसईच्या बाजूला व मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत इंद्याळ व सोरपोतेल ही मांसाची कालवणे आणि फुगे हे तळलेले पाव होतात. बेकऱ्यांत काजूच्या किंवा बदामाच्या मार्झिपानची अंडी मांडलेली दिसतात. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात चॉकलेट विरघळते, मार्झिपान टिकते. आदिवासी पाड्यावर मात्र महत्त्व कोंबडीला, तांदळाच्या भाकरीला आणि पाहुण्यांना. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर गेलेली अनेक कुटुंबे होळीपर्यंत परततात. गाठीशी असलेल्या मजुरीतून कपडे, भांडी, प्रवास आणि लग्नाचा आहेर हे सारे भागवायचे असते.

अमेरिकेत ईस्टर ही स्वतंत्र बाजारपेठ झाली आहे. तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 2023 साठी सुमारे 24 अब्ज डॉलर, म्हणजे सण साजरा करणाऱ्या माणसामागे 192 डॉलर खर्चाचा अंदाज दिला होता. त्यात गोडधोड, भेटवस्तू, फुले, कपडे आणि जेवण हे सारे येते. या यादीतले कपडे आणि जेवण तलासरीतही आहे, पण ईस्टरपुरता वेगळा माल इथल्या दुकानदाराला भरावा लागत नाही. मुलांसाठी घेतलेला नवा सदरा ईस्टरच्या मिस्सेला अंगावर चढतो आणि वैशाखातल्या लग्नांनाही तोच चालतो. सणाचा पैसा कोळीण, कोंबडीवाला, कापडवाला आणि शिंपी यांच्याकडे, तालुक्यातच राहतो. हा सण असा साधा राहणे कुटुंबांच्या आणि स्थानिक बाजाराच्याही हिताचे आहे.