दुबईची नोकरी सुटली, रजेचा पगार राहिला

दापोली, खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या भागातील कितीतरी घरे आखाती पगारावर उभी आहेत. माणूस नोकरी संपवून परततो तेव्हा त्याने काय आणले याची चौकशी होते; मालकाकडे काय राहिले हे मात्र कोणी विचारत नाही. त्या राहिलेल्या रकमेत बहुतेक वेळा रजेचा पगार असतो. तिकडे त्याला ‘लीव्ह सॅलरी’ म्हणतात. आम्ही कापडाच्या धंद्यातले, उधारी कशी बुडते हे आम्हाला ठाऊक आहे. चिठ्ठी नसली की बुडते आणि मुदत गेली की बुडते. रजेचा पगार हीसुद्धा मालकाकडची उधारीच आहे. येथे आम्ही फक्त संयुक्त अरब अमिरातीपुरते लिहीत आहोत. सौदी, कुवेत, कतारचे कायदे निराळे आहेत.

अमिरातीत १९८० चा मजूर कायदा जाऊन २०२१ चा ३३ क्रमांकाचा कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्याप्रमाणे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा मिळते. नोकरी सहा महिन्यांच्या वर पण वर्षाच्या आत असेल तर महिन्याला २ दिवस. नोकरी सुटताना जी रजा घेतलेली नाही तिचे पैसे मालकाने द्यायचे असतात, शेवटच्या अपुऱ्या वर्षाचेही त्या प्रमाणात. राजीनामा दिला म्हणून हा हक्क जात नाही.

हिशेब मूळ पगारावर होतो, घरभाडे व इतर भत्ते त्यात धरत नाहीत. समजा, एकूण पगार २५०० दिरहम आणि करारात मूळ पगार १५०० आहे. पहिल्या वर्षाची रजा घेतली, दुसऱ्या वर्षाची राहिली आणि पुढे चार महिने काम करून नोकरी सोडली. म्हणजे ३० आणि १० मिळून ४० दिवस झाले. महिन्याचे ३० दिवस धरून रोजचे ५० दिरहम, एकूण २००० दिरहम. ग्रॅच्युइटी याहून वेगळी. तिच्यात रजेचा पगार ‘मिळवून दिला’ असे कोणी सांगितले तर दोन्ही आकडे वेगळे लिहून मागावेत. करारावर सही करताना मूळ पगाराचा आकडा कोणी पाहत नाही, त्याची किंमत येथे कळते.

नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सर्व देणे चुकते करावे असे कायदा सांगतो. घोटाळा होतो तो दस्तखतीच्या वेळी. परवाना रद्द करण्याच्या कागदावर ‘माझे सर्व देणे मिळाले’ असा मजकूर असतो. विमानाचे तिकीट हातात, मन घरी लागलेले, आणि मुनीम म्हणतो, ‘सही करा, पैसे मागाहून पाठवतो.’ पैसे खात्यात जमा होण्याआधी ही सही करू नये. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे. आमच्या मते निम्मी भांडणे येथेच हरली जातात.

मालक देत नसेल तर मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करावी. मंत्रालय आधी समेटाचा प्रयत्न करते. ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यावर २०२४ पासून मंत्रालय स्वतःच निकाल देते. त्याहून मोठा दावा कोर्टात जातो. एक लाखापर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्टाची फी लागत नाही. पूर्वी दाव्याची मुदत एक वर्ष होती, ३१ ऑगस्ट २०२४ पासून नोकरी संपल्यापासून दोन वर्षे झाली आहे. घरकामगार या कायद्यात येत नाहीत, त्यांचा कायदा वेगळा. दुबई व अबू धाबीच्या दोन वित्तीय मुक्त क्षेत्रांचे नियमही वेगळे आहेत.

करार, रजेचे अर्ज, राजीनाम्याची पोच आणि बँकेचा उतारा जपून ठेवावा. तिकडे २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत सुरू झाली, त्यामुळे कोणत्या महिन्यात किती जमा झाले हे उताऱ्यात दिसते. पासपोर्टवरील शिक्क्यांवरून माणूस देशात कधी आला होता हेही कळते. रजा घेतली की नाही या वादात ते उपयोगी पडते.

तक्रार तेथे असतानाच करणे सोपे. परत आल्यावर तिथल्या भरवशाच्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्यावे लागते. ते नोटरी, आपले परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीची वकिलात अशा क्रमाने प्रमाणित करून घ्यावे. भारत सरकारच्या ‘मदद’ या तक्रार-व्यवस्थेतही अर्ज करता येतो. तेथून दुबईतील आपली वकिलात मालकाशी पत्रव्यवहार करते, हुकूम देऊ शकत नाही. त्यामुळे त्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहत दोन वर्षे घालवू नयेत.