दरडींमुळे जलाशयांत उठणाऱ्या तरंगांचे गणित

रबाळ्याच्या पूर्वेस पारसिकची डोंगररांग असून पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. पारसिकच्या उतारावरून दरड सुटली तरी मधल्या कारखान्यांचा, ठाणे-बेलापूर रस्त्याचा, लोहमार्गाचा, वस्तीचा व खारफुटीचा पट्टा ओलांडून ती खाडीपर्यंत पोचेल असे संभवत नाही. दरडीमुळे तरंग उठावयाचा तर उताराचा पायथा पाण्याला भिडलेला असावा लागतो. ही अट खाडीकाठापेक्षा डोंगरांच्या कुशीत बांधलेल्या जलाशयांत पूर्ण होण्याचा संभव अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर कोसळलेली दरड नवी मुंबई शहरास पाणी पुरविणाऱ्या मोरबे धरणाच्या परिसरातीलच होय. तीत २७ मृतदेह हाती लागले व ५७ माणसे बेपत्ता राहिली. ती दरड पाण्यात उतरली नाही. तथापि तशीच राशी थेट जलाशयात उतरती तर काय घडते, हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

या विषयातील सर्वांत कठोर धडा इटलीतील वायोंत येथे मिळाला. तेथील २६० मीटरांहून उंच धरणाच्या जलाशयासाठी १९६१-६२ मध्ये १:२०० प्रमाणाचे भौतिक प्रतिमान करण्यात आले आणि समुद्रसपाटीपासून ७०० मीटर ही पाण्याची पातळी निर्धोक ठरविली गेली. ९ ऑक्टोबर १९६३ रोजी पाणी जवळपास त्याच पातळीस असताना सुमारे २७ कोटी घनमीटर राशी एका मिनिटाच्या आत खाली आली. धरण उभे राहिले. परंतु त्यावरून उसळलेल्या पाण्याने सुमारे दोन हजार माणसे मारली. प्रतिमानाची बांधणी सदोष होती असे नव्हे. त्यात घातलेली राशी आणि तिची गती, दोन्ही वास्तवाहून फार अल्प होती.

गतीचे महत्त्व हेलर व हागर यांनी २०१० मध्ये मांडलेल्या सूत्रावरून स्पष्ट होते. दरडीचा वेग भागिले उथळ पाण्यातील तरंगाचा वेग म्हणजे फ्राउड अंक. हा अंक, दरडीच्या सापेक्ष जाडीचे वर्गमूळ, सापेक्ष वस्तुमानाचे चतुर्थमूळ आणि उताराच्या कोनावर अवलंबणारा एक गुणक यांचा गुणाकार करावयाचा; त्याच्या चार-पंचमांश घातास चार-नवमांशाने व पाण्याच्या खोलीने गुणले की तरंगाचा महत्तम आयाम मिळतो. उदाहरणार्थ, पाण्याची खोली २० मीटर, उतार ३० अंश, वेग सेकंदास २० मीटर, जाडी ४ मीटर, रुंदी ५० मीटर व वस्तुमान ३४,००० टन मानल्यास आयाम सुमारे साडेसहा मीटर येतो. वस्तुमान दुप्पट केल्यास तो १५ टक्क्यांनी वाढतो. वेग दुप्पट केल्यास ७४ टक्क्यांनी. क्षेत्रपाहणीत मात्र राशीचे मोजमाप सुलभ व वेगाचा अंदाज दुर्घट, ही या शास्त्राची मोठीच अडचण म्हणावी लागेल.

हे सूत्र सरळ प्रणालातील प्रयोगांवर आधारलेले असल्याने वाकड्यातिकड्या जलाशयास ते जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथे संगणकीय प्रतिमानाची गरज भासते. सर्वांत स्वस्त मार्ग उथळ जलाच्या समीकरणांचा. पण त्यात दाब स्थितिकच मानला जात असल्याने आखूड तरंगांचे विकिरण हरवते. बूसिनेस्कच्या समीकरणांनी ही उणीव बरीच भरून निघते. दरड पाण्यात शिरते त्या क्षणीचा उसळा, हवेचा कप्पा व तरंगाचे फुटणे पाहावयाचे असल्यास मात्र नॅव्हिए-स्टोक्सची पूर्ण त्रिमित समीकरणे सोडवावी लागतात, आणि त्यांस लागणारा गणनकाल पाहता संपूर्ण जलाशयासाठी त्यांचा वापर क्वचितच परवडतो. म्हणून आघाताच्या जागी त्रिमित गणना करून पुढील प्रसार बूसिनेस्कवर सोपविणे हीच वाट व्यवहारात अधिक शहाणपणाची. सह्याद्रीतील भिजलेला मुरूम व माती यांच्या घर्षणाचे गुणांक कोठून आणावयाचे, हा प्रश्न तरीही शिल्लक राहतो. पूर्वी घसरलेल्या दरडी कोठवर पोचल्या हे मोजून ते उलट दिशेने काढावे लागतात.

पाण्याच्या पातळीचा परिणामही दिसतो त्याहून वेगळा आहे. वरील सूत्राप्रमाणे, इतर राशी स्थिर ठेवून खोली निम्मी केल्यास आयाम घटत नाही, उलट सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. धोका मात्र तुडुंब जलाशयातच अधिक, कारण तेव्हा धरणमाथा व पाणी यांतील अंतर थोडे उरते. जुलैत दरडी कोसळतात तेव्हा जलाशय भरत असतात, आणि ऑगस्टअखेर ते बहुधा भरलेले असतात. सबब गणना एकाच पातळीसाठी करून भागत नाही.