घासाघासाने पोलाद

१८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल आला. चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आणि वरोऱ्याला कोळशाची खाण, एवढं वाचून पोलादाचा ध्यास जो लागला तो अखेरपर्यंत सुटला नाही. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड यांनी चांद्याचं रान पालथं घातलं. खनिज चांगलं निघालं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतकं नाही. आणि इथल्या कोळशाचा कोक होईना. मंडळी नागपूरला परतली, तिथल्या संग्रहालयातल्या भूगर्भाच्या नकाशाने त्यांना दुर्गकडे वळवलं, आणि शेवटी कारखाना साकचीला, आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला.

आमच्याकडे ही गोष्ट हुकलेल्या संधीची म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. त्या काळच्या झोतभट्टीला कोक हवा होता आणि चांद्याच्या कोळशाचा तो होत नव्हता. या कोळशाला मानवेल अशी वाट जगाला सापडायला आणखी ७५ वर्षं लागली. १९५७ साली मेक्सिकोत माँतेरेला स्पंज आयर्न, म्हणजे न वितळवता खनिजातला प्राणवायू काढून केलेलं लोखंड, कारखान्याच्या प्रमाणावर निघू लागलं. तिथे नैसर्गिक वायू होता. पण खनिजाचा प्राणवायू काढून घ्यायला वायूच लागतो असं नाही, साधा दगडी कोळसाही चालतो. १९८० साली गोदावरीपलीकडे पाल्वंच्याला सिंगरेणीच्या कोळशावर आपल्या देशाने ते करून दाखवलं. स्पंज करायचं आणि ते विजेच्या आर्क भट्टीत वितळवायचं. चांद्याची भट्टी हीच. ती आली तेव्हा आपण तिला नीट ओळखलं नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती मी गेली कित्येक वर्षं जिथे बोलावतील तिथे मांडतो.

आर्क भट्टीचा साद्यंत इतिहास सांगत बसत नाही. सीमेन्सने प्रयोग केले, एरूने १९०० च्या सुमारास फ्रान्समध्ये पहिलं व्यापारी पोलाद काढलं, साठच्या दशकात ट्रान्सफॉर्मर दांडगे झाले, मग पाण्याने थंड राहणाऱ्या भिंती आल्या, ऐंशीच्या दशकात तळाच्या भोकातून पोलाद काढायची सोय झाली. महाराष्ट्रात मुकुंदचं कळवा, महिंद्रा युजिनचं खोपोली, विदर्भात वरठीचं सनफ्लॅग, वर्ध्याजवळचं भूगाव, कोकणात डोलवी. ही नावं वाचकाला ठाऊक आहेत.

मूल रोडवरच्या आमच्या एमईएलपाशी मात्र थांबायला हवं. १९७४ साली महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्टची स्थापना झाली, १९८६ साली ती स्टील अथॉरिटीची, म्हणजे सेलची, उपकंपनी झाली, २०११ साली सेलमध्ये विलीन झाली. चंद्रपूरकर अजून एमईएलच म्हणतात. तिथे पोलाद नव्हे, फेरोमँगनीज आणि सिलिकोमँगनीज होतं. पण न थांबता वितळवणं म्हणजे काय, हे या जिल्ह्याला त्या भट्टीने शिकवलं. तिथे इलेक्ट्रोड मालात रुतलेले असतात. वरून खनिज आणि कोक आपल्या वजनाने खाली उतरत राहतो, खालून ठरल्या वेळी धातू काढतात, वीज चालूच. इलेक्ट्रोडही तसाच: पत्र्याच्या नळकांड्यात डांबरी पेस्ट भरायची, ती खाली सरकता सरकता स्वतःच्या उष्णतेने भाजून घट्ट होते, वर नवं नळकांडं जोडायचं. नॉर्वेच्या सोडरबर्गची ही युक्ती. तरुणपणी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तासभर जागचा हललो नव्हतो.

पोलादाच्या भट्टीत हीच सलगता आणायची तर ती मालाच्या वाढणीत आणावी लागते. भंगाराची भट्टी बकेटने भरतात: वीज बंद, छत बाजूला, बकेट ओतली, छत परत, वीज चालू. प्रत्येक वेळी उष्णता आभाळात जाते. अमेरिकेत १९८९ साली भंगारच पट्ट्यावरून, भट्टीच्या धुराने तापवत, सलग आत सोडायची कॉन्स्टील पद्धत सुरू झाली आणि तिचा गाजावाजा झाला. स्पंजला एवढा खटाटोप लागतच नाही. ते गोळ्यांसारखं, मापात असतं. छताला एक भोक पुरतं.

मी ज्या कारखान्यात होतो तिथे सलग वाढणीचा पट्टा बसला तेव्हा आम्ही सगळेच नवखे होतो. हिशेब कागदावर सोपा होता: दर मेगावॉटमागे मिनिटाला साधारण ३० किलो, २० मेगावॉटवर ६०० किलो. आदल्या हीटचं, म्हणजे आदल्या खेपेचं, थोडं पोलाद तळाला ठेवायचं आणि ते १,५७०-१,६०० अंशांवर आलं की वाढायला लागायचं. एका रात्री वरून उत्पादनाची घाई होती. पोलाद पुरतं तापायच्या आधीच पट्टा जोरात सोडला. स्पंज मळीपेक्षा (स्लॅगपेक्षा) जड आणि पोलादापेक्षा हलकं, म्हणून ते दोहोंच्या मधोमध थांबतं. ते थिजून गोळा झालं. आम्ही त्याला आइसबर्ग म्हणायचो. वीस मिनिटांनी तो गोळा सुटला, आतलं ऑक्साइड आणि पोलादातलं कार्बन एकदम भिडलं, आणि मळी दारातून उसळून प्लॅटफॉर्मवर आली. कोणी भाजलं नाही, कारण बल्लारपूरचे आमचे उस्ताद आधीच ओरडले होते, "हटा रे पोट्टेहो, तिनं गिळलं नाही, तोंडात धरून राह्यली!"

मिटर आमच्याकडेही होते, पण भट्टी कानाने चालवायला मला त्या उस्तादांनी शिकवलं. भंगारावर आर्क कडाडते, छाती हादरते. स्पंज नीट पडत असेल तर ऑक्साइड आणि कार्बनच्या झटापटीत वायू सुटतो, मळी दुधासारखी फुगते, आर्क तिच्यात बुडते आणि आवाज खाली येतो. गिरणीच्या पट्ट्यासारखी एकसुरी घुमर लागते. "आता जेवून राह्यली, साहेब. वाढा." घुमर फुटली की वाढणी कमी. कोळशाच्या स्पंजमध्ये कार्बन नावापुरतंच असतं, वायूच्या स्पंजमध्ये टक्का-दोन टक्के. म्हणून आम्हाला कोकची भुकटी वेगळी फुंकावी लागे. ती फुंकणाऱ्याचा हात आणि पट्ट्यावरच्याचा हात एका तालात आले की दोन दोन तास भट्टी त्या आवाजावर चालायची. दारातून मळी आपोआप ओघळायची आणि तिच्याबरोबर फॉस्फरसही जायचं.

इथेच माझं भांडण आहे. गेली तीस वर्षं काही सल्लागार छोट्या कारखानदारांना सांगत आले, आर्क कशाला, इंडक्शन भट्टी घ्या. स्वस्त, इलेक्ट्रोडचा खर्च नाही, ट्रान्सफॉर्मर लहान, आणि विजेच्या जाळ्यावर हिसके नाहीत. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण इंडक्शनचं अस्तर सिलिकाचं, आम्लधर्मी. त्यात चुन्याची मळी धरता येत नाही, आणि चुन्याशिवाय फॉस्फरस निघत नाही. जे आत गेलं ते सळईत आलं. थंडीत ठिसूळ होणारी सळई घराच्या स्लॅबमध्ये जाते, तिथे ती कोणाला दिसत नाही. नुसतं वितळवणं आणि पोलाद शुद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मी सभेत म्हणालो की बाजारभाव पुढे करतात. बाजारभाव मलाही कळतो. छत्तीसगडच्या स्वस्त वीजदराने इथल्या भट्ट्यांचं कंबरडं कसं मोडलं ते मी आतून पाहिलंय. उशाला एवढं मोठं औष्णिक केंद्र असून.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. फिरत्या भट्टीतून स्पंज निघतं ते हजार अंशांच्या घरात. त्यावर बाहेरून पाणी मारून ते शंभरावर आणतात, कोठारात टाकतात, आणि वितळवताना परत शून्यापासून तापवतात. सहाशे अंशांवर ते आर्क भट्टीत पडलं तर टनामागे विजेची १०० युनिटांहून जास्त वाचतात. विरोधक म्हणतात, कोळशाच्या स्पंजमध्ये जळका कोळसा मिसळलेला असतो, तो चुंबकाने वेगळा करायला माल थंडच हवा. अडचण खरी आहे. पण ती सोडवायला आमच्या पिढीत कोणी दहा वर्षंसुद्धा घालवली नाहीत. वायूवाल्यांनी घालवली, म्हणून त्यांचं गरम स्पंज आज थेट भट्टीत पडतं.

आता लोखंडाचं केंद्र गडचिरोलीकडे सरकलंय. सुरजागडला २०१६ साली खोदकाम सुरू झालं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी वाहनं जाळली, २०२१ पासून खाण जोरात आहे. हेडरीहून कोनसरीला खनिजाची पूड पाण्यासोबत ८० किलोमीटरहून जास्त लांब नळातून वाहते. त्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. भोवतालच्या माडिया-गोंड गावांनी खाणीला विरोध केला, आणि त्यांचे प्रश्न यंत्रांच्या गोष्टींत बुडवून टाकू नयेत. मला एवढंच म्हणायचंय, की डोंगर फुटणारच असेल तर त्याच्या दगडाचं शेवटचं, शुद्ध पोलाद याच दोन जिल्ह्यांत व्हावं, आणि एटापल्ली-चामोर्शीच्या पोरांच्या हाती ट्रकच्या चाव्यांबरोबर भट्टीचं पॅनेलही यावं. आयटीआयमध्ये वेल्डर आणि फिटर भरपूर घडतात. मेल्टर घडवणारा वर्ग मला या भागात दिसलेला नाही. आमच्या उस्तादांना जे कानाने कळायचं ते कुठे लिहिलेलं नाही, आणि ते आता नाहीत.

पावसाळ्यात ताडाळीच्या फाट्यावर मी अजून कधी कधी चहाला उतरतो. स्पंज भरलेले ट्रक नागपूरच्या दिशेने लागलेले असतात, पुढे कोणी रायपूरला जाणार, कोणी जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांना. ओल लागली की स्पंज परत गंजू लागतं आणि गंजताना तापतं. म्हणून निघण्यापूर्वी चालक ताडपत्रीखाली हात घालून बघतो. परवा एकाने हात पटकन मागे घेतला, ताडपत्री एका कोपऱ्यात सोडली, आणि चहा संपेपर्यंत माल निवायची वाट पाहत उभा राहिला.