पूर्णाकाठच्या चोपण जमिनी आणि मुळांशी राबणारे जिवाणू

येलदरी व सिद्धेश्वर ही पूर्णा नदीवरील धरणे १९६८ साली पूर्ण झाली आणि कालव्याच्या पाण्याने आजच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत भागाच्या शेतीचे रूप पालटले. ज्वारी, कापूस व तूर यांच्या जोडीस ऊस, केळी आणि हळद आली. परंतु मुबलक पाणी आणि निचऱ्यास मंद अशी खोल काळी जमीन यांची गाठ पडली, म्हणजे काही वर्षांनी सखल वाफ्यांतून एक संकट डोके वर काढते. उन्हाळ्यात भुईवर पांढरी खपली दिसू लागते, उगवण विरळ होते, आणि उसाच्या फडात मधूनच टक्कल पडते. खताची मात्रा वाढवूनही पीक सुधारत नाही. शेतकरी बियाण्यास दोष देतो. दोष मात्र मुळांखाली साचलेल्या पाण्यात असतो.

महाराष्ट्रास हा अनुभव नवा नव्हे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, आणि १९१० साली हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

अशा जमिनीत जिवाणूंचे संवर्धक वापरावे काय, असा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. वापरावे, तथापि जिवाणू मीठ खात नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बाटलीतील द्रावण ओतले आणि जमीन गोड झाली, असे कधी घडत नाही. क्षार जमिनीबाहेर जातो तो पाण्याबरोबरच, आणि पाण्यास वाट हवी. ही वाट म्हणजे नाल्यास मिळणारा चर. तो एकट्याच्या शेतात संपत नाही. खालच्या शेतकऱ्याच्या बांधाशी अडतो. सबब गावपातळीवरील कार्यकर्त्याचे पहिले काम संवर्धक वाटण्याचे नसून, दोघातिघा शेजाऱ्यांस एका बांधावर बसवून चराची दिशा ठरविण्याचे आहे. हे काम कठीण आहे खरे, पण त्यावाचून पुढचे सर्व व्यर्थ जाते.

मग जिवाणूंचा उपयोग कोणता? क्षारांचा ताण पडला म्हणजे पिकाचे मूळ इथिलीन नावाचा वायू अधिक निर्माण करते आणि आपली वाढ आखडून घेते. मुळांलगत राहणारे काही जिवाणू हा वायू ज्या द्रव्यापासून बनतो त्याचेच विघटन करतात. त्यामुळे मूळ वाढत राहते. दुसरे काही जिवाणू चिकट स्राव सोडतात. त्यात थोडा सोडियम अडकतो व मातीचे कण एकमेकांस धरून राहतात. अर्थात ही मदत मर्यादित आहे. मुळातच क्षार सोसणारे पीक असेल तर ती तारते. हळद, केळी, हरभरा किंवा मूग यांसारख्या नाजूक पिकांस बिघडलेल्या वाफ्यात ती वाचवू शकत नाही. अशा वाफ्यात कापूस, गहू व करडई ही पिके तुलनेने तग धरतात. उसाचा आग्रहच असेल तर फुले २६५ हा वाण घ्यावा.

सर्वांत मोलाचे काम धैंच्याचे आहे. धैंचा चोपण जमिनीतही उगवतो, आणि त्याच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र साठवितात. हेक्टरी ४० ते ५० किलो बी पावसाच्या आरंभी पेरावे आणि सुमारे ४५ दिवसांनी, खोड निबर होण्यापूर्वी, पीक जमिनीत गाडावे. पुढे ते कुजविण्याचे काम मातीतील असंख्य सूक्ष्मजीव करतात. कुजताना निघणारा कर्बवायू पाण्यात मिसळून सौम्य आम्ल बनतो, आणि काळ्या जमिनीतील चुनखडी त्यात थोडी थोडी विरघळते. मोकळा झालेला कॅल्शियम चिकणमातीवरील सोडियमला हुसकावतो, आणि चर असेल तर पावसाचे पाणी त्यास बाहेर नेते. गंधक घातल्यासही कार्य याच मार्गाने होते. थायोबॅसिलस जातीचे जिवाणू गंधकाचे आम्ल बनवितात. एक किलो गंधक सुमारे साडेपाच किलो जिप्समाचे काम करते. मात्र जमिनीत चुनखडी, ओल आणि ऊब असली पाहिजे व काही आठवडे थांबण्याची तयारी हवी.

जिप्सम किंवा गंधक सरसकट घालू नये. सामू ८.५ हून कमी व विद्युतवाहकता ४ डेसिसायमनहून अधिक असेल तर जमीन केवळ खारवट असते; तिला निचरा आणि गोडे पाणी पुरे. सामू ८.५ च्या वर गेला व सोडियमचे प्रमाण वाढले, तर ती चोपण होय. तेथेच सुधारकाचा खर्च सार्थकी लागतो. यासाठी एप्रिल-मे महिन्यांत बिघडलेल्या तुकड्याचा नमुना चांगल्या जमिनीपासून वेगळा घ्यावा. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र वा परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ येथे माती परीक्षणाविषयी मार्गदर्शन मिळू शकते.

संवर्धक निवडताना आणखी एक दक्षता हवी. साध्या जमिनीतील जिवाणू खाऱ्या मातीत टिकतीलच असे नाही. म्हणून १९६९ साली स्थापन झालेल्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने क्षार सोसणाऱ्या जिवाणूंची हॅलो-अझो व हॅलो-पीएसबी ही संवर्धके तयार केली. रायझोबियमची भुकटी १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात, गार केलेल्या गुळाच्या पाण्यात कालवून चोळावी. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. उन्हात वा खताच्या पोत्याजवळ ठेवलेले पाकीट पैसे देऊनही फुकट जाते.

पेरताना चार ओळी संवर्धकाविना सोडाव्यात. महिन्याभराने दोन्हींकडची रोपे मुळांसकट हळूच उपटून गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आतून लालसर दिसली तर ती गाठ कामास लागली आहे; पांढरट किंवा हिरवट दिसल्यास ती निष्क्रिय समजावी.